मेरियोंचे पॅरिस आणि खरवडलेल्या ओळी

पॅरिसच्या नोत्र-दाम गिरिजाघराला १५ एप्रिल २०१९ रोजी आग लागली आणि दोनच दिवसांत ‘नवा शिखरसुळका कसा असावा’ यावर भांडण सुरू झाले. फ्रान्सच्या पंतप्रधानांनी नव्या सुळक्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा घेण्याची घोषणा केली आणि वर्षभराच्या गदारोळानंतर ‘होता तसाच’ असे ठरले. मग डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष माक्रों यांनी दक्षिणेकडच्या सहा उपमंदिरांच्या खिडक्यांत समकालीन रंगीत काचा बसवण्याचा बेत सांगितला आणि भांडण पुन्हा पेटले. लाखाहून अधिक लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. जुलै २०२४ मध्ये वारसा आयोगाने प्रतिकूल मत दिले, तरी डिसेंबरमध्ये क्लेर ताबुरे या चित्रकर्तीची निवड झालीच. एका बाजूला ‘जुने ते पवित्र’ म्हणणारे, दुसऱ्या बाजूला ‘प्रत्येक पिढीला आपली खूण उमटवायचा हक्क आहे’ म्हणणारे. या दोन्ही बाजूंच्या लिखाणाला एक चित्र हमखास जोडलेले सापडते. नोत्र-दामच्या कठड्यावर कोपर टेकून, गाल हातांत धरून, जीभ बाहेर काढून शहराकडे बघत बसलेला शिंगाड्या राक्षस. ते चित्र शार्ल मेरियों या फ्रेंच चित्रकाराने १८५३ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरले. जुन्याचे भक्त ते ‘हरवलेल्या मध्ययुगाचा साक्षीदार’ म्हणून वापरतात, नव्याचे पुरस्कर्ते ‘स्मरणरंजनाचा नमुना’ म्हणून. दोघांच्याही हातातल्या प्रतीत एक गोष्ट बहुधा नसते, ती म्हणजे चित्राखालच्या दोन ओळी.

माझे म्हणणे एवढेच आहे की त्या ओळी नसतील तर ते चित्र पुरावा म्हणून वापरू नये. मेरियोंने १८५० ते १८५४ या काळात पॅरिसवर केलेल्या मालिकेत चित्रे आणि पद्य एकाच हाताने, एकाच सुईने कोरलेली आहेत. पद्य काढले की उरते ती गूढरम्य, सावल्यांनी भरलेली जुनी नगरी, म्हणजे पोस्टकार्ड. पद्यासकट पाहिले तर कळते की या माणसाचा सवाल ‘जुने की नवे’ हा नव्हताच. शहर कोणाला पोसते आणि कोणाला गिळते, हे तो विचारत होता. आजचा वाद घसरतो तो नेमका इथे. दगडांच्या वयावर हिरिरीने बोलायचे आणि त्या दगडांत राहणाऱ्यांबद्दल चकार शब्द काढायचा नाही.

पद्य म्हणजे नंतर चिकटवलेली शोभा, असे ज्यांना वाटते त्यांनी अम्लरेखनाची कृती लक्षात घ्यावी. तांब्याच्या पत्र्यावर मेण आणि राळेचा पातळ थर द्यायचा, सुईने तो थर कोरून रेषा उघड्या करायच्या, पत्रा नायट्रिक आम्लात सोडायचा. उघडे पडलेले तांबे आम्ल खाते आणि तिथे चर पडते. चरांत शाई भरून, वरची पुसून, ओल्या कागदासह दाबयंत्रातून पत्रा काढला की ठसा मिळतो. ठसा उलटा येतो. म्हणजे अक्षरे सुलट छापायची तर पत्र्यावर ती उजवीकडून डावीकडे, आरशात दिसावीत तशी, एकेक करून कोरावी लागतात. आठ-दहा ओळींचे पद्य असे लिहिणे हा वेळ घालवण्याचा उद्योग नव्हे. ज्या माणसाला रंगांधळेपणामुळे रंगचित्रे सोडावी लागली, ज्याने नौदलातली नोकरी सोडून काळ्या-पांढऱ्या रेषेवर पोट लावले, तो माणूस हा उपद्व्याप करतो तेव्हा त्याला काहीतरी सांगायचे असते. निदान ते काय होते हे वाचून तरी बघावे!

आता तो राक्षस. ‘ल स्त्रिज’ हे त्याचे रूढ नाव. पत्र्याच्या एका अवस्थेत, म्हणजे फेरफार करत काढलेल्या ठशांच्या एका टप्प्यात, चित्राखाली दोन ओळी येतात. त्यांचा आशय असा, की न शमणारी रक्तपिपासू, सनातन वासना या महानगरीवर नजर रोखून आपल्या भक्ष्याची वाट बघते आहे. म्हणजे हा राक्षस शहराचा राखणदार नाही, जुन्या वैभवाचा शोक करणारा तर नाहीच. शहराला खाणारी जी भूक आहे, तिचेच ते तोंड. आणि गंमत बघा, जो पुतळा आज ‘मध्ययुगाचा साक्षीदार’ म्हणून मिरवतो, तो मध्ययुगातला नाही. नोत्र-दामच्या जीर्णोद्धाराचे काम १८४० च्या दशकात व्हियोले-ल-द्युकच्या हाती आले, आणि कठड्यावरचे हे विचित्र प्राणी त्याच्या रेखाटनांवरून घडले. मेरियोंने कोरला तेव्हा हा पुतळा जवळजवळ कोरा करकरीत होता. साधारण त्याच सुमारास शार्ल नेग्र याने या पुतळ्याशेजारी आपल्या छायाचित्रकार मित्राला उभे करून फोटोही काढला. नव्या पुतळ्याकडे पॅरिसकर नव्या आकर्षणासारखेच बघत होते. तेव्हा आज त्या सहा खिडक्यांतल्या व्हियोले-ल-द्युकच्या काचा हलवू नका म्हणणारे आणि त्याच्याच राक्षसाला आदिम मानणारे लोक मुळात एकोणिसाव्या शतकातल्या एका कल्पक वास्तुविशारदाचे भक्त आहेत. त्याला माझी हरकत नाही. पण मग ‘मध्ययुग वाचवा’ ही घोषणा तरी सोडा.

मालिकेतले माझ्या मते सर्वांत धारदार उदाहरण ‘शवागार’ हे आहे, १८५४ चे. सीन नदीच्या काठावर, सीते बेटावर, पॅरिसचे जुने शवागार होते. नदीत सापडलेली, रस्त्यावर मिळालेली अनोळखी प्रेते तिथे ओळख पटावी म्हणून काचेमागे, उतरत्या दगडी फळ्यांवर मांडून ठेवत. आत जायला पैसे पडत नसत. त्यामुळे नातेवाईक शोधणाऱ्यांपेक्षा बघ्यांचीच गर्दी जास्त. मेरियोंच्या चित्रात खाली कपडे धुण्याच्या नावा आहेत, मधल्या धक्क्यावरून दोघेजण नुकतेच काढलेले प्रेत वाहून नेत आहेत, एक बाई आक्रोश करते आहे, पोलीस हात दाखवून वाट सांगतो आहे आणि वरच्या कठड्यावर लोक ओळीने वाकून बघत आहेत. वर एकावर एक चढलेली घरे, धुराडी, वाळत घातलेले कपडे. चित्रकलेचे अभ्यासक इथल्या छायाप्रकाशावर, आडव्या-उभ्या रेषांच्या बांधणीवर पानेच्या पाने लिहितात, आणि ते योग्यच आहे, कारण बांधणी अजोड आहे. पण मेरियोंने या चित्राच्या जोडीला एक वेगळा पत्रा केला आणि त्यावर ‘मृत्यूची खानावळ’ असे एक पद्य कोरले. त्याची सुरुवात मराठीत साधारण अशी होईल:

या, पाहा, वाटसरूंनो;
आपल्या गरीब लेकरांना
मायाळू आईसारखी
ही पॅरिस नगरी
सदासर्वकाळ फुकट देते
निजायला खाट, जेवायला पाट.

हे वाचल्यावर चित्र पुन्हा बघा. ती खाट म्हणजे उतरती फळी, आणि तो पाटही तोच. जिवंतपणी ज्याला शहराने छप्पर दिले नाही, भाकर दिली नाही, त्याला मेल्यावर दोन्ही मिळते आणि वर प्रेक्षकही मिळतात. ‘या, पाहा’ हे आमंत्रण कोणाला आहे? कठड्यावर वाकलेल्या त्या रांगेला, आणि चित्र हातात धरून ‘वा, काय छायाप्रकाश!’ म्हणणाऱ्या आपल्यालाही. एवढा बोचरा टोला चित्र एकटे मारू शकत नाही. चित्र दुःख दाखवते, पण नगरपालिकेच्या दानशूरपणाची टर उडवायला शब्दच लागतात. पद्याविना हे चित्र कुठल्याही शहरातल्या कुठल्याही अपघाताचे होऊन जाते. पद्य त्याला आरोपपत्र बनवते, आरोपीच्या नावासकट.

इथे मला विरुद्ध बाजूचा सर्वांत जड मुद्दा घ्यायलाच हवा, कारण जुन्या पॅरिसवर हळहळणारे तो नेहमी टाळतात. ते जुने पॅरिस माणसे मारत होते. १८३२ च्या कॉलऱ्यात एकट्या पॅरिसमध्ये अठरा हजारांहून अधिक लोक मेले, १८४९ मध्ये पुन्हा हजारो. सीते बेटावरच्या आणि नगरभवनामागच्या अरुंद गल्ल्यांत ऊन पोचत नव्हते, सांडपाणी रस्त्याच्या मधोमध वाहत होते, आणि ज्या सीनमध्ये ते जात होते तिचेच पाणी लोक पीत होते. जून १८५३ मध्ये बॅरन ओस्मान प्रीफेक्ट, म्हणजे सरकारने नेमलेला प्रशासक झाला, त्याने रस्ते फाडले. त्याचा अभियंता बेलग्रां याने भुयारी गटारांचे जाळे वाढवले आणि दूरच्या झऱ्यांचे पाणी शहरात आणले. ही कामे नसती झाली तर पुढच्या साथींत आणखी किती माणसे गेली असती? ‘जुनी गल्ली सुंदर होती’ असे म्हणणाऱ्याने आधी त्या गल्लीत एक उन्हाळा काढायची तयारी दाखवावी. हे सगळे मला मान्य आहे. मुद्दा असा की मेरियोंलाही ते अमान्य नव्हते, आणि हे कळायचे तर पुन्हा त्याच्या पद्याकडेच जावे लागते.

मोव्हे-गार्सों गल्लीचे चित्र तळहाताएवढे आहे. काळवंडलेली भिंत, एक दार, गजांच्या खिडक्या, रस्त्यावर दोन बायका. ‘मोव्हे गार्सों’ म्हणजे वाईट चालीची पोरे. हे पद्य वेगळ्या पत्र्यावर नाही, चित्राच्याच पत्र्यावर कोरलेले आहे. चित्र आणि कविता एकमेकांना इतकी खेटून क्वचितच आली असतील:

कोण माणूस राहत असेल
असल्या अंधाऱ्या बिळात?
कोण दडत असेल तिथे
रात्रीत आणि सावलीत?
सद्गुण होता का तो,
गरीब, मुकाट?
की गुन्हा, म्हणशील तू,
एखादा पापी जीव?
मला बुवा ठाऊक नाही;
जाणून घ्यायचे असेल तुला
तर चौकसबुवा, जा, बघून ये,
अजून वेळ गेलेली नाही.

काव्य म्हणून यात फार काही नाही, ते पुढे बोलूच. पण युक्तिवाद म्हणून हे पद्य त्या काळच्या दोन्ही पक्षांना एकाच वेळी कोपरखळी मारते. पाडणाऱ्यांचे म्हणणे काय होते? या गल्ल्या गुन्हेगारीची आणि रोगराईची बिळे आहेत, तेव्हा पाडा. राखणाऱ्यांचे? इथे जुना, साधा, धार्मिक पॅरिसकर राहतो, त्याला हुसकावू नका. व्हिक्टर ह्यूगोने १८३२ मध्येच पाडकाम करणाऱ्यांविरुद्ध युद्ध पुकारले होते, आणि त्याची बाजू बुरुजांची, गिरिजाघरांची, दगडांची होती. मेरियों दोघांनाही सांगतो की तुम्ही आत जाऊन पाहिलेले नाही. सद्गुण की गुन्हा, हे भिंतीच्या रंगावरून कळत नसते. शेवटची ओळ तर सरळ इशारा आहे. आज जाऊन विचारता येईल, उद्या विचारायला कोणी उरणार नाही, आणि मग ज्याला जे सोयीचे ते तो त्या घरात राहायला घालील. पुढे घडलेही तसेच. ओस्मानच्या काळात सीते बेटावरची दाट वस्ती जवळजवळ पुसली गेली, तिच्या जागी इस्पितळ, न्यायालयाची वाढीव इमारत, बराकी आणि मोकळे मैदान आले. तिथली माणसे कडेच्या, स्वस्त भाड्याच्या वस्त्यांकडे ढकलली गेली. गटारे आली हे खरे, पण ज्यांच्या नावाने ती आणली त्यांपैकी कितीजण ती वापरायला तिथे राहिले?

‘मेरियों म्हणजे ओस्मानविरुद्धचा एकाकी आवाज’ ही कथाही यामुळे डळमळते. मालिका १८५० मध्ये सुरू झाली, ओस्मान यायला तीन वर्षे होती. तिक्सेरांद्री गल्लीतला बुरूज १८५१ मध्ये पाडला गेला आणि मेरियोंचे चित्र १८५२ चे आहे. म्हणजे पाडापाडी आधीपासूनच चालू होती आणि तो एका खलनायकाच्या मागे लागलेला नव्हता. पाँ नफ या पुलावरचे त्याचे पद्य तर स्मरणरंजनवाल्यांच्या पचनी पडणारच नाही. हा पूल १६०७ साली पुरा झाला. नाव ‘नवा पूल’, पण शहरातला उभा असलेला सर्वांत जुना पूल तोच. १८५० च्या आसपास त्याची मोठी डागडुजी निघाली. मेरियों थडग्यावरच्या लेखाच्या थाटात सुरुवात करतो: ‘येथे विसावले आहे जुन्या पाँ नफचे हुबेहूब रूप, ताज्या हुकुमानुसार नखशिखांत नवे केलेले’. इथवर वाटते, आता रडगाणे येणार. पण पुढे तो वळतो तो डॉक्टरांकडे. विद्वान वैद्यांनो, कुशल शल्यविशारदांनो, या दगडी पुलाचे केले ते आम्हा माणसांचे का नाही करत? हा दुरुस्तीचा विरोध नव्हे. दगडाला मिळते ती दुरुस्ती हाडामांसाच्या माणसाला का मिळत नाही, हा हेवा आहे. नोत्र-दाम पुलाजवळच्या जुन्या पाण्याच्या पंपावर तो असेच एक थट्टेखोर मृत्युगीत रचतो. पंपाला मरायचेच आहे, तर बिचारा आता पाण्याऐवजी उंची दारू का नाही उपसत, असे विचारून मोकळा होतो. स्मरणरंजनात विनोद नसतो, मेरियोंमध्ये तो जागोजाग आहे. पण त्याची ‘खिन्न, भयाण’ प्रतिमा बनवणाऱ्यांना तो दिसत नाही, कारण विनोद सगळा पद्यात आहे.

आता आक्षेप. पहिला असा की हे पद्य सुमार आहे. आहेच. यमके ओढूनताणून, ओळी लंगड्या, सुभाषितांची सवय. ज्या दशकात कवी बोदलेअरचा ‘दुष्टाव्याची फुले’ हा संग्रह छापला गेला त्या दशकात हे पद्य वाचायला धीर लागतो. पण एखादा मजकूर सुंदर नाही म्हणून तो गैरलागू ठरतो का? चित्राखालचे पद्य बरे की वाईट हा काव्यसमीक्षेचा प्रश्न. ते चित्राचा अर्थ बदलते का, हा निराळा. साक्षीदाराचे व्याकरण कच्चे आहे म्हणून कोणी साक्ष फेटाळत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मेरियोंने स्वतःच पुढच्या अवस्थांत काही ओळी काढल्या. ‘ल स्त्रिज’च्या नंतरच्या ठशांत त्या दोन ओळी नाहीत. तांब्यावरून अक्षर काढायचे म्हणजे ते खरवडून, घासून, पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करायचा. कलाकाराने जे एवढ्या कष्टाने पुसले ते आपण परत का लिहायचे? याला माझे उत्तर असे, की मेरियों आयुष्यभर आपल्या पत्र्यांत फेरफार करत राहिला. ‘पाँ-ओ-शांज’ या पुलाच्या चित्रातल्या आकाशात त्याने आधी ‘आशा’ असे नाव लिहिलेला बलून सोडला, मग तो काढून काळ्या पक्ष्यांचे थवे आणले. आज कोणी असे म्हणत नाही की शेवटचेच आकाश खरे. संग्राहक प्रत्येक अवस्थेला क्रमांक देतात, नोंद ठेवतात, वेगळी किंमत मोजतात. बलून गेला तर इतिहास आणि ओळ गेली तर ब्याद, हा दुजाभाव कशासाठी? शिवाय सगळे पद्य त्याने पुसलेले नाहीच. ‘मृत्यूची खानावळ’ स्वतंत्र पत्र्यावर असल्याने ती पुसायची गरजच नव्हती. तिला नुसते शेजारी न ठेवणे पुरले.

तिसरा आक्षेप वेडाचा. मेरियोंला मे १८५८ मध्ये शारांतोंच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले, वर्षभराने तो सुटला, १८६६ मध्ये पुन्हा गेला आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये तिथेच वारला. यावरून पद्याला आजाराचे लक्षण म्हणून बाजूला सारण्याची प्रथा पडली. पण तारखा तपासा. ही पद्ये १८५४ च्या आसपासची आहेत, इस्पितळाच्या चार वर्षे आधीची, आणि त्यांच्यात भ्रमिष्टपणा नाही. आहे ती उपरोधाची शिस्त. पुढे १८६० च्या दशकात नौदल मंत्रालयाच्या छतावर त्याने आकाशातून उतरणारे रथ आणि जलचर आणले, तिथे आजार बोलतो असे म्हणायला जागा आहे. ‘निजायला खाट, जेवायला पाट’ यात मात्र आजारी कोण आहे, कवी की नगरपालिका?

राहिला बोदलेअर. त्याचे नाव या वादात दोन्ही बाजू घेतात. १८५९ च्या कलाप्रदर्शनावरील लेखात त्याने मेरियोंची अपार स्तुती केली, आणि तीही कशाची? आभाळाकडे बोट दाखवणाऱ्या सुळक्यांची, धूर ओकणाऱ्या कारखानी स्तंभांची आणि दुरुस्तीला काढलेल्या इमारतींभोवतीच्या परांच्यांची. त्या जाळीदार लाकडी सांगाड्याचे सौंदर्य त्याला चक्रावून टाकणारे वाटले. म्हणजे त्यालाही मेरियोंच्या चित्रांत निव्वळ जुने दिसले नाही, बांधकाम चालू असलेले शहर दिसले. मग १८६० च्या सुरुवातीला मुद्रक देलात्रने त्याला सुचवले, की मेरियोंच्या चित्रसंचासाठी मजकूर लिही. बोदलेअर हरखला. पॅरिसमध्ये भटकणाऱ्या माणसाची दहा-वीस-तीस ओळींची चिंतने लिहायची संधी! पण प्रकाशक मित्राला लिहिलेल्या पत्रात तो वैतागून सांगतो, की मेरियोंला ते नको आहे. त्याला हवे आहे ते उजवीकडे हे दिसते, डावीकडे ते दिसते, इथे मुळात बारा खिडक्या होत्या, चित्रकाराने दहा केल्या, असे. बेत फिसकटला. फ्रेंच साहित्यातल्या एका थोर ग्रंथाला आपण मुकलो, आणि तेही एका विक्षिप्त माणसाच्या हट्टापायी, असे हळहळून सांगायची रीत आहे.

मला मात्र मेरियोंचा हट्ट समजतो. त्याची पद्ये पुन्हा चाळा. ‘या, पाहा, वाटसरूंनो’. ‘जा, बघून ये’. नोत्र-दामच्या मागच्या बाजूच्या चित्राला जोडलेले पद्य तर ‘गॉथिक तुकड्यांची चव घेत हिंडणाऱ्या रसिका, इथे पाहा’ अशी हाक मारूनच सुरू होते, आणि शेवटी चिमटा काढते, की एवढे मोठे हे मंदिर, तरी आपल्या पाप्यांतले निवडक तेवढे मावायलाही म्हणे अपुरे पडते. प्रत्येक ठिकाणी शब्दांचे काम एकच, वाचणाऱ्याची मान धरून ती चित्राकडे, आणि चित्रातून रस्त्याकडे वळवणे. बोदलेअरची चिंतने उत्तम झाली असती यात शंका नाही, पण ती वाचकाला बोदलेअरच्या मनात घेऊन गेली असती. मेरियोंला वाचक खिडक्या मोजताना हवा होता. शब्दांनी चित्राला आरस्पानी करावे, धुके पसरू नये, असा त्याचा आग्रह होता. तेव्हा ‘चित्र स्वतःच बोलते, त्याला शब्द नकोत’ या पक्षाला मेरियोंचा नकार पुरावा म्हणून चालत नाही. तो शब्द नाकारत नव्हता, तो पाहण्याच्या आड येणारे शब्द नाकारत होता.

पद्य कापले की चित्र कसे उलटे बोलू लागते याचे फ्रेंच भाषेतलेच जुने उदाहरण आहे. लोरेनच्या जाक कालो याने १६३३ मध्ये ‘युद्धाची दुर्दशा’ ही अठरा अम्लरेखनांची माला काढली. त्यातले झाड आजही युद्धविरोधी लेखनात सर्वत्र दिसते. एका मोठ्या वृक्षाच्या फांद्यांना डझनावारी माणसे लटकलेली. आपण ते बघतो आणि युद्धातल्या निरपराध बळींसाठी हळहळतो. खालच्या सहा ओळींत काय आहे? हे नीच, वाया गेलेले चोर अखेर दुर्दैवी फळांसारखे या झाडाला लटकले आहेत, आणि आज ना उद्या स्वर्गाचा न्याय भोगणे हे दुष्टांचे प्राक्तनच आहे. लटकलेले आहेत ते लूटमार करणारे सैनिक! त्या ओळी कालोच्या नाहीत, आणि चित्रातली करुणा त्या ओळींत मावत नाही, हेही मला दिसते. चित्र आणि पद्य यांच्यात तिथे ओढाताण आहे. पण ओढाताण आहे हे कळायला दोन्ही टोके समोर लागतात. एक टोक कापले की आपण आपल्याच शतकाचे मत सतराव्या शतकाच्या तोंडी घालतो आणि वर त्याला ‘कालातीत’ म्हणतो. इंग्रज चित्रकार होगार्थच्या लंडनमधल्या ‘जिन गल्ली’चे (जिन म्हणजे दारू), १७५१ चे, तेच. खालचे पद्य वाचले नाही तर ती केवळ गरिबांची किळस वाटते.

उलट दिशेचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर ‘चित्र आणि काव्य एकत्र आले की उत्तमच’ असा माझा दावा वाटेल. मेरियों वारला त्याच्या पुढच्या वर्षी, १८६९ मध्ये, समीक्षक फिलिप ब्युर्ती याच्या संपादनाखाली अल्फोंस लमेर या प्रकाशकाने सुनीते आणि अम्लरेखने यांचा एक देखणा ग्रंथ काढला. चाळीसहून अधिक कवी, तितकेच चित्रकार, कोरो, मिले, माने अशी नावे. प्रत्येक सुनीतासमोर एक चित्र. प्रती ३५० आणि छपाई झाल्यावर पत्रे नष्ट करायचे, म्हणजे दुर्मिळतेची हमी. मिलेने याबद्दल आपल्या मित्राला चिडून लिहिले, की हे पत्रे नष्ट करणे त्याला रानटी वाटते, यामागचे व्यापारी गणित त्याला समजत नाही, पण रेम्ब्रांटचा पत्रा असता तर तोही असाच गेला असता. तो ग्रंथ चाळताना कवी आणि चित्रकार एकमेकांना अदबीने नमस्कार करून बाजूला झालेले दिसतात. कोणी कोणाला अडवत नाही, कोणी कोणाला उघडे पाडत नाही. चित्र वेगळे काढून भिंतीवर लावले तर सुनीताचे काही बिघडत नाही. म्हणून माझा आग्रह प्रत्येक सचित्र पुस्तकासाठी नाही. जिथे एकाच हाताने दोन्ही केले आणि जिथे एकाविना दुसऱ्याचा अर्थ पालटतो, तिथेच तो आहे.

कोणी म्हणेल, शहराच्या बदलाचा पुरावाच हवा तर शार्ल मार्व्हिलची छायाचित्रे आहेत की. १८६० च्या दशकात नगरपालिकेनेच त्याच्याकडून पाडायच्या गल्ल्यांची चारशेहून अधिक छायाचित्रे काढून घेतली. अचूक, स्वच्छ, मोजून काढलेली. पण त्या काळच्या छायाचित्रणाला वेळ लागे, म्हणून हलणारी माणसे त्यात उमटत नाहीत किंवा धुरकट डाग होऊन उमटतात. पाडणाऱ्या यंत्रणेने ठेवलेल्या दप्तरात गल्ली रिकामीच दिसते, जणू आधीच खाली केलेली. मेरियोंच्या गल्लीत दोन बायका आहेत, आणि दारामागे कोण असेल हा प्रश्न कोरून ठेवलेला आहे. धोरण ठरवणाऱ्यांना कुठले चित्र सोयीचे हे सांगायला नको.

पुन्हा नोत्र-दामच्या सहा खिडक्यांकडे. व्हियोले-ल-द्युकच्या काचा आगीत टिकल्या, त्या काढू नयेत, हा कायद्याचा आणि संवर्धनशास्त्राचा मुद्दा पक्का आहे आणि मला पटतो. नव्याला जागा हवी हेही पटते, कारण याच मंदिरातल्या मध्ययुगीन रंगीत काचा अठराव्या शतकात खुद्द धर्मगुरूंनीच उजेड हवा म्हणून काढून साध्या काचा बसवल्या होत्या. ‘मूळ’ म्हणावे असे तिथे फार थोडे आहे. पण हे दोन्ही पक्ष ज्या चित्राचा आधार घेतात त्याचा कर्ता या वादात कुठल्याच बाजूला उभा राहिला नसता. त्याने विचारले असते की त्या बेटावर आज राहतो कोण, भाडे किती, आणि मंदिरासमोरच्या रांगेत उभ्या लाखो लोकांपैकी किती जण या शहराचे आहेत. खिडक्यांचा निकाल काहीही लागो, हे प्रश्न दोन्ही निकालांत तसेच राहतात, म्हणूनच ते कोणी काढत नाही.

संग्रहालयांना आणि प्रकाशकांना करण्यासारखे काम छोटे आहे. ‘शवागार’ भिंतीवर लावाल तेव्हा ‘मृत्यूची खानावळ’चा पत्रा शेजारी लावा, तो संग्रहात नसेल तर मजकूर भाषांतरासह छापा. ‘ल स्त्रिज’ची विनाओळींची अवस्था दाखवाल तेव्हा आधीच्या अवस्थेत काय लिहिले होते ते पाटीवर सांगा. अवस्थेचा क्रमांक, कागदाचा जलचिन्हांकित प्रकार, पूर्वीच्या मालकांची यादी हे सगळे त्या पाटीवर मावते. दोन ओळीही मावतील.